दोन थोरल्या

श्रावणात पाऊस जरा दम खायला थांबला की माई गडग्याशी येतात. निमित्त काहीही चालतं. त्या दिवशी हळदीची पानं होती. नागपंचमीच्या पातोळ्यांना पानं हवीत, आणि त्यांच्या परसातली हळद यंदा घुशींनी उकरली.

आमचा गडगा जांभ्याचा, कमरेएवढा. पावसाळ्यात त्याला असं शेवाळ धरतं की कोपर टेकलं की हिरवं. माईंच्या डाव्या बाहीला आषाढापासून दिवाळीपर्यंत हिरवा डाग असतो. भाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, त्याला ‘बातमीदाराचा बिल्ला’ म्हणतात.

"पंधरा पानं दे गो," माई म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "काल रात्री ऐकलंस?"

ऐकलं होतं. नाही म्हणून सांगते कुणाला! फणसाकडच्यांच्या घरात दार आपटलं होतं, पाठोपाठ भांडं पडलं होतं आणि मग जे सगळं गप्प झालं, ते पावसाच्या आवाजातही कळलं.

आमच्या आळीत आडनावापेक्षा झाडावरून घर ओळखतात. ते बरंच आहे, ही हकिगत सांगताना कुणाचं नाव घ्यायला नको. फणसाकडचा बँकेत, त्याची बायको शाळेत, घरात त्याची आई आणि अकरा वर्षांची एकुलती एक लेक. संक्रांतीच्या तोंडावर घाटावरच्या एका संस्थेतून दोन भावंडं आली, सात वर्षांची बहीण आणि साडेतीन वर्षांचा भाऊ, आणि एका दुपारीत एकुलतीची थोरली झाली.

"मी पहिल्यापासून म्हणत होत्ये," माई म्हणाल्या. "एक आणायचं होतं, तान्हं. दोन कशाला?"

माई पहिल्यापासून असं काही म्हणत नव्हत्या. पहिल्यापासून त्या म्हणत होत्या, "देवमाणसं हो, देवमाणसं." पण माईंचं पहिलं दर आठवड्याला नव्याने सुरू होतं.

"तान्ह्यासाठी तीन-तीन वर्षं रांग असते, माई. आणि बहीणभावाची जोडी असली की शक्यतो तोडत नाहीत. दोघांना घ्या नाहीतर पुढच्याला जाऊ द्या."

"तुला कुणी सांगितलं?"

"फणसाकडच्या वहिनीनेच. सगळं दिल्लीच्या कचेरीच्या संगणकावर असतं. नाव नोंदवायचं, मग समाजसेविका घर बघून जाते. नवराबायकोच्या वयाची बेरीज करतात."

"बेरीज?" माईंना हे नवीन होतं. त्यांनी दुसरंही कोपर गडग्यावर टेकलं.

"मूल चार ते आठ वर्षांचं असेल तर दोघांची वयं मिळून शंभरावर जाता कामा नयेत."

माईंनी ओठ हलवून आपली आणि भाऊंची बेरीज केली. काय आली ते सांगितलं नाही.

"आणि थोरलीची संमती घेतात. घरात पाच वर्षांवरचं मूल असेल तर त्याचा होकार कागदावर लागतो. मागच्या वर्षी दिला तिने, आवडीच्या जांभळ्या पेनाने."

"मग आता दारं कशाला आपटत्ये? स्वतःच सही केलीन ना?"

अगदी हेच वाक्य मी त्या घरात ऐकलंय. थोरलीच्या आत्याने मे महिन्यात म्हटलं होतं, आमरसाच्या ताटावर. पोरीने चमचा खाली ठेवला आणि उठून गेली. मला तेव्हा वाटलं होतं की दहाव्या वर्षी कुणी ‘बहीण’ या शब्दाला होकार देतं, ‘माझ्या कंपासपेटीतला खोडरबर चावणारी बहीण’ याला नाही देत. सही करताना ती पोर तिने पाहिलीसुद्धा नव्हती. तिकडे त्या सात वर्षांच्या पोरीचीही संमती घेतली असणार, पाच वर्षांवरच्या मुलाला विचारल्याशिवाय दत्तक देत नाहीत. म्हणजे दोन पोरींनी एकमेकींचं तोंड न पाहता एकमेकींना होकार दिला. आपल्याकडे अशी लग्नं व्हायची पूर्वी, आणि त्यातल्या नवरीला तरी रडायची मुभा असायची.

थोरलीला ती नव्हती. त्याला जबाबदार आम्ही. आम्ही म्हणजे आळी.

संक्रांतीनंतर फणसाकडच्या आजीने धाकट्याचं बोरन्हाण केलं. हलव्याचे दागिने, काळं झबलं, चुरमुरे, बोरं, गोळ्या, सगळं साग्रसंगीत. सगळी आळी लोटली. पोरगं बिचारं भांबावून पाटावर बसलेलं, डोक्यावर बोरं ओतली तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. त्याच्या बहिणीने पाटाशेजारची जागा काही सोडली नाही. पोरं गोळ्या वेचायला धावली तेव्हा तिने दोन्ही हात पसरून भावाच्या मांडीवरचा खाऊ राखला. आणि आम्ही बायका ओळीने थोरलीच्या गालावरून हात फिरवत होतो. "किती मोठ्या मनाची गो पोर!" "आपलं सगळं वाटून दिलंन हो!" "पुण्यवान आहेस." मीही म्हटलं. पोर हसत होती. शाळेतल्या फोटोत हसतात तसं.

आता बघा, माझा धाकटा जन्मला तेव्हा माझा मोठा चार वर्षांचा होता. चौथ्या दिवशी त्याने जाहीर केलं, "ह्याला परत दवाखान्यात ठेवून या." सगळं घर हसलं. मामाने ती गोष्ट पुढे दोघांच्याही लग्नात सांगितली. फणसाकडच्या थोरलीने हेच वाक्य एप्रिलमध्ये म्हटलं, "ह्यांना परत ठेवून या." आणि घरातल्या तिन्ही मोठ्या माणसांनी श्वास रोखला. आई रडली. बाप पोरीला घेऊन भाट्याच्या पुळणीवर गेला आणि तासभर समजावत राहिला की असं पुन्हा कधीही, कधीही म्हणायचं नाही. दवाखाना पोर परत घेत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून तिथे हसता येतं. इथे परत ठेवायला जागा होती. तेव्हा कलेक्टरचा हुकूमही व्हायचा होता. मुलं आधी घरी येतात ती सांभाळायला म्हणून, हुकूम मागाहून होतो.

त्या दिवसापासून थोरली शहाणी झाली. इतकी शहाणी की मला तिची काळजी वाटायला लागली.

"सिंधुताईंचं बघ," माई म्हणाल्या. माईंकडे प्रत्येक गोष्टीला एक उदाहरण असतं आणि ते बहुतेक वेळा उलट्या बाजूने लागू पडतं. "अनाथ पोरांत आणि पोटच्या पोरीत दुजाभाव नको म्हणून आपली ममता पुण्याला दगडूशेठ हलवाई ट्रस्टकडे ठेवलीन. केवढा त्याग!"

"कुणाचा, माई?"

माई थांबल्या. "म्हणजे?"

"पुढे ममता आईच्याच कामात उतरली, तिचं तिने केलं. सिंधुताईंना दुसरा मार्ग नसेलही, ते मोठं काम होतं. पण आपण टाळ्या वाजवताना एका बाजूलाच बघतो एवढंच."

"तू ना, कशातही खोट काढतेस," माई म्हणाल्या, पण बाहीवरचं शेवाळ झटकायला लागल्या. हे विचार करत असल्याचं लक्षण.

एवढ्यात पडवीतून भाऊंचा आवाज आला. भाऊ कोर्टात नोकरीला होते. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी पडवीतल्या आरामखुर्चीत कोर्ट रोज भरतं.

"दत्तकाच्या आपल्या गोष्टी कुठल्या, सांगा बघू," त्यांनी वर्तमानपत्र खाली न करता विचारलं. "झाशी! नेवाळकर मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, लांजा तालुक्यातल्या कोटचे. स्वतःचं बाळ काही महिन्यांत गेलं. मग १८५३ सालच्या नोव्हेंबरात, मरणाच्या आदल्या दिवशी गंगाधररावांनी नात्यातला पाच वर्षांचा आनंदराव दत्तक घेतला, त्याचा झाला दामोदरराव. सगळ्या गोष्टी अशाच. मूल नाही म्हणून दत्तक. वंशाला दिवा हवा, पिंडाला हात हवा. घरात पोर असतं तर दत्तक घेतलंच नसतं."

भाऊ बोलतात फार, पण यात तथ्य आहे. सावत्र भावंडांच्या गोष्टी आपल्याकडे पोत्याने आहेत. दत्तकाच्याही आहेत, पण त्यात मोठं भावंड नाहीच. त्यामुळे आजीला नातीची समजूत घालताना एक कहाणी सापडेना. श्रावणातल्या सगळ्या कहाण्या तिला पाठ, नावडतीपासून सुरू करून पाहिलं, पण ते भलतीकडेच जायला लागलं.

"आणि कायद्याचं ऐका," भाऊंनी आता वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवलं, म्हणजे सुनावणी लांबणार. "१९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलगा असेल तर दुसरा मुलगा नाही, मुलगी असेल तर दुसरी मुलगी दत्तक नाही. म्हणजे फणसाकडच्यांना त्या कायद्याने काय मिळालं असतं?"

मी मनात जुळवून पाहिलं आणि अंगावर काटा आला. "धाकटा मिळाला असता. बहीण मागे राहिली असती."

"बरोब्बर. बालन्याय कायद्याने ती वाट मोकळी केली. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात असंच प्रकरण आलं होतं. सिनेमा-नाटकातलं जोडपं, त्यांना पोटची मुलगी, आणि एक मुलगी आणलेली. न्यायमूर्ती चंद्रचूडांनी निकाल दिला की घेता येते. हे पुढे सरन्यायाधीश झाले ते, धनंजय."

"म्हणजे थोरलीमुळे धाकटी अडली असती," माई हळू म्हणाल्या. मग एकदम, "पण हे थोरलीला सांगू नका हो कुणी. एकेका वेळी पोरं भलतंच डोक्यात घेतात."

माई कधी कधी अशा सरळ बोलतात.

मी पानं तोडायला वाकले. हळदीचं पान देठापाशी खुडलं की जो वास येतो, त्याने हातच नाही तर सबंध परस भरून जातं. माईंचं चालूच होतं. "पण काल झालं काय, ते कुठे सांगितलंस?"

कालचं सांगायचं तर आधी ‘ताई’चं सांगायला हवं.

मुलं आली त्या दिवशीच वहिनीने धाकटीला शिकवलं, "ही तुझी ताई." धाकटीने मान डोलवली. लगेच ताई, ताई सुरू. सगळ्यांना भरून आलं. आठवड्याने एका रात्री धाकटीने थोरलीला विचारलं, "ताई, तुझी ड्यूटी कधी संपते?"

संस्थेत सांभाळणाऱ्या बायांना मुलं ताई म्हणायची. सकाळची ताई, रात्रीची ताई. ताई प्रेमळ असायची, केस विंचरायची, आणि आठ वाजले की पर्स घेऊन आपल्या घरी जायची. त्या पोरीच्या लेखी ताई म्हणजे जाणारी बाई. थोरली कधी जाणार आणि रात्रीची कोण येणार, एवढंच तिला विचारायचं होतं.

वहिनीने मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी गडग्याच्या दोन बाजूंना उभ्या होतो आणि बराच वेळ दोघींपैकी कुणी काही बोललं नाही.

त्यात दुसरा घोळ. आपण म्हणतो त्या घरात एक थोरली आहे. नाही, दोन आहेत. ती सात वर्षांची पोर आल्यापासून थोरलीच आहे. भावाचं नाक तिने पुसायचं, त्याला भरवायचं तिने, रात्री त्याला शू लागली की उठायचं तिने. भावाला जवळ घ्यायची आपल्या थोरलीला केवढी हौस! बाहुली मिळाल्यासारखी धावली. त्याला आंघोळ घालते म्हणाली. धाकटी न्हाणीच्या दारात हात आडवे करून उभी, बोरन्हाणाला होती तशीच. "त्याच्या डोळ्यात साबण जातो. तुला जमत नाही." आणि खरंच जमलं नाही, साबण गेला, पोर रडलं. थोरलीला स्वतःच्याच न्हाणीतून बाहेर काढलं गेलं.

एकीला वाटलं, माझं घर घेतलं. दुसरीला वाटलं, माझा भाऊ घेतला. आणि दोघी सातवी-दुसरीतली दप्तरं घेऊन एकाच रिक्षाने शाळेत.

"जेवणावरूनही भांडतात," माई म्हणाल्या. "परवा ती धाकटी आजीला विचारत होती, तुम्ही सगळ्यात नारळ का घालता?"

"आजी काय म्हणाली?"

"म्हणाली, आहे म्हणून!"

आम्ही दोघी हसलो. शेंगदाण्याच्या कुटावाचून त्या पोरीचा घास उतरेना. फणसाकडच्या आजीने, जिने साठ वर्षांत वाटपाशिवाय आमटी केली नाही, तिने रामआळीतून किलोभर शेंगदाणे आणून कूट केला. त्यावर थोरली म्हणाली, "मी तीन वर्षं सांगत्ये सुरणाची भाजी करू नको, ते कुणी ऐकलं नाही." हे मला फार आवडलं. तक्रार म्हणून अगदी चोख आहे.

आषाढात समाजसेविका आली. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी येऊन बघतात, मुलं कशी रुळली ते. तिची स्कूटर वळणावर दिसली आणि धाकटीने भावाला उचललं आणि न्हाणीत जाऊन आतून कडी लावली. न्यायला आल्या असं तिला वाटलं. थोरलीला वहिनीने विचारलं, कुठे गेली मुलं? आता गोष्टीत कसं असतं, थोरली खोटं बोलते, बहिणीला पाठीशी घालते. तसं काही झालं नाही. थोरली म्हणाली, "न्हाणीत आहेत, आणि मला शू लागल्ये." धाकटी पुढे चार दिवस तिच्याशी बोलली नाही.

पण ती बाई हुशार निघाली. मुलांची चौकशी झाल्यावर तिने थोरलीला अंगणातल्या पायरीवर नेलं. आम्हाला सगळ्यांना वाटलं, विचारणार, भावंडांशी पटतं का? तिने विचारलं, "तुझं काय काय गेलं?"

हे मला कसं माहीत? मी गडग्याशी वाल निवडत होते.

पोर आधी गप्प. मग म्हणाली, "आज्जीजवळची भिंतीकडची बाजू." मग बाबाच्या स्कूटरवर पुढे उभं राहणं, तेही आता ती मावत नव्हती म्हणून बंदच झालं होतं, पण यादीत आलं. मग शनिवारी दुपारी आईने केसांना तेल लावणं. मग टीव्ही. मग, "मी आजारी पडले की सगळे घाबरायचे ते." शेवटी म्हणाली, "आणि गणपती." बाईला कळेना. दरवर्षी गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणताना रिक्षात ती थोरलीच्या मांडीवर असायची. दुसरीत असल्यापासून. यंदा दुसरीत कोण आहे, हे तिला न सांगता कळलं होतं.

बाईने समजावलं बिमजावलं नाही. वहीत लिहून घेतलं आणि वहिनीला दिलं. वहिनी त्या रात्री माझ्याकडे येऊन रडली, पण एप्रिलसारखं नाही. शनिवारचं तेल दुसऱ्या आठवड्यापासून सुरू झालं, दार लावून, दोघींचंच. भिंतीकडची बाजू परत मिळाली नाही. तिथे धाकटा झोपतो, तो पडतो. गणपतीचं अजून ठरायचं आहे. माझ्या मते थोरलीनेच आणावा. धाकटीला आरतीच्या झांजा द्याव्यात, तो मानही कमी नाही. पण मला कुणी विचारलेलं नाही.

"आणि काल?" माई आता गडग्यावर जवळजवळ आडव्या झाल्या होत्या.

"काल धाकटी थोरलीची मोत्याची कानातली घालून शाळेत गेली. न विचारता. एक हरवून आली."

"अरे देवा!"

"तेवढ्यावरून दार. मग भांडं. ते फेकलं नाही, धक्का लागून पडलं असं वहिनी म्हणते."

"मग गप्प का झाले सगळे?"

मलाही तेच कळत नव्हतं. आणि गंमत म्हणजे उत्तर तिकडूनच आलं. फणसाकडून पावलांचा आवाज आला, धाकटा पुढे, त्याच्या मागे दोघी. आजीने त्यांनाही पानं आणायला पाठवलं होतं. भांडण बहुधा रात्रीचंच चालू होतं, मधे झोप आणि शाळा झाली एवढंच.

"बाय, मी शोधते म्हटलं ना!" धाकटी म्हणाली. ‘ताई’ संपल्यावर आजीने हा शब्द काढून दिला होता. इकडे घरातल्या लेकीला म्हणतातच. बायची ड्यूटी संपत नाही.

"शोधून काय? चिखलात गेलं असेल ते. माझ्या आज्जीने दिलेलं होतं!"

"माझी पण आज्जी आहे!"

"मग तिच्याकडून घे की दुसरं! नाहीतर ठेवूनच येते तुला परत!"

माईंनी माझा हात घट्ट धरला. हेच ते काल रात्रीचं वाक्य असणार. फणसाकडे खिडकीत वहिनी उभी होती, तिच्या हातातला झारा तसाच थांबलेला.

धाकटीने कमरेवर हात ठेवले. ती सात वर्षांची आहे, पण त्या घडीला तिच्या अंगात भाऊंचं सबंध कोर्ट शिरलं होतं.

"नाही ठेवता येत. कलेक्टरची सही झालीय!"

पडवीतून भाऊ ओरडले, "कायद्याने बरोबर आहे! २०२१ ची दुरुस्ती!"

थोरलीने तोंड उघडलं, मिटलं. काय उत्तर द्यावं तिला सुचेना. मग तिला हसू फुटायला लागलं आणि ते दाबायला ती माझ्या हळदीच्या वाफ्याकडे बघत राहिली. "सही झालीय म्हणे," ती पुटपुटली. "काकू, हिला मोठी पानं देऊ नका, ती फाडते." तोवर धाकट्याने एक रोप मुळासकट उपटलं होतं, आणि दोघीही एकदम त्याच्या अंगावर ओरडल्या.

तिघं गेल्यावर माई बराच वेळ फणसाकडे बघत होत्या. खिडकीतला झारा पुन्हा हलायला लागला होता.

"पंधरा पुरतील ना गो?" त्यांनी विचारलं. "आता त्या घरी पण पाठवायच्या म्हणजे आणखी पाच-सहा दे. आणि पुरण नारळाचंच करणार हो मी, सांगून ठेवते."